इन-स्टेट, आउट-ऑफ-स्टेट

एप्रिल आला की आमच्याकडे न्यू जर्सीत मराठी लोकांच्या गप्पांचा सूर बदलतो. एरवी पॉटलकला भेटलो की घरांचे भाव, भारताची तिकिटं आणि कोणाच्या तरी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन एवढ्यावर भागतं. एप्रिलमध्ये मात्र ज्यांच्या घरी बारावीतलं मूल आहे ती मंडळी जरा कोपऱ्यात सरकतात आणि आवाज खाली करून बोलायला लागतात. १ मे जवळ आलेली असते. इथल्या बहुतेक कॉलेजांना त्या तारखेपर्यंत 'आम्ही येतोय' असं कळवून डिपॉझिट भरावं लागतं. तोवर महिनाभर घराघरांत एक्सेल शीट उघडलेली असते आणि चहा गार होत असतो.

यंदा कोपऱ्यात सरकणाऱ्यांत आम्हीही होतो.

आमच्या लेकीला सहा ठिकाणी प्रवेश मिळाला, पण खरी निवड दोनच जागांत होती. एक रटगर्स, म्हणजे आमच्याच राज्याचं सरकारी विद्यापीठ. आमच्या एडिसनच्या घरापासून गाडीने पंधरा-वीस मिनिटं. दुसरं मिशिगन विद्यापीठ, अ‍ॅन आर्बर. घरापासून सुमारे सहाशे मैल. तेही सरकारीच, पण दुसऱ्या राज्याचं. म्हणजे आम्ही तिथे 'आउट-ऑफ-स्टेट'.

भारतातल्या वाचकांसाठी थोडं सविस्तर सांगते. अमेरिकेत सरकारी विद्यापीठं केंद्राची नसतात, राज्यांची असतात. त्यांचे दोन दर असतात, राज्यातल्या रहिवाशांना एक आणि बाहेरच्यांना दुसरा. हा फरक पाच-दहा टक्क्यांचा असेल असं वाटत असेल तर पुढचे आकडे वाचा. २०२४-२५ साली मिशिगनमध्ये पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना राज्यातले असतील तर फी वर्षाला १८ हजार डॉलरच्या आसपास होती. बाहेरचे असतील तर ६१ हजारांच्या आसपास. वर्ग तोच, प्राध्यापक तेच, बाकावर शेजारी बसलेली मुलगी ग्रँड रॅपिड्सची असली म्हणून तिची फी तिप्पट कमी. राहणं, खाणं, पुस्तकं धरली की बाहेरच्यांचा वर्षाचा खर्च ८० हजारांच्या वर जातो. रटगर्सला आम्हाला फी सुमारे १८ हजार आणि राहणं-खाणं धरून सगळं मिळून ३७ हजारांच्या घरात. हे आकडे त्या वर्षाचे आहेत. फी खाली येत नसते, त्यामुळे आपल्या मनाने थोडी भर घालूनच वाचावेत.

वर्षाला पंचेचाळीस हजारांचा फरक. चार वर्षांचे १ लाख ८० हजार डॉलर. रुपयांत मी केलं नाही. सासूबाईंनी फोनवर विचारलं तेव्हा "बरेच आहेत" एवढंच सांगितलं.

पहिली प्रतिक्रिया रागाचीच असते. सगळ्यांचीच असते. "लुटतात हो" हे वाक्य मी या महिन्यात किमान दहा जणांकडून ऐकलं. मला मात्र विचार करता करता त्या दोन दरांत काही गैर दिसेना. मी सोलापूरची. आमच्या जिल्ह्यात सहकारी साखर कारखाने भरपूर. माझ्या मामांचा एका कारखान्यात शेअर होता आणि दिवाळीला सभासदांना स्वस्तात साखर मिळायची. मामा पिशवी घेऊन रांगेत उभे राहायचे. आम्हाला तीच साखर दुकानातून बाजारभावाने घ्यावी लागायची. त्यात आम्हाला कोणी लुटतंय असं कधी वाटलं नाही. कारखाना उभा राहिला तो सभासदांच्या पैशातून.

राज्याचं विद्यापीठही तसंच. वर्षानुवर्षं राज्यातले लोक कर भरतात, त्यातला काही भाग विद्यापीठाला जातो, म्हणून त्यांच्या मुलांना सभासदांचा दर. आपण एकोणीस-वीस वर्षं न्यू जर्सीच्या तिजोरीत भरलं, मिशिगनच्या नाही. मग तिथे आपण बाजारभावाचे गिऱ्हाईक.

अर्थात हे सरळ चित्र हल्ली तितकं सरळ राहिलेलं नाही. अनेक राज्यांनी विद्यापीठांना द्यायचे पैसे आखडते घेतले, विशेषतः २००८ च्या मंदीनंतर. मग विद्यापीठांनी ती तूट बाहेरच्या मुलांच्या फीमधून भरायला सुरुवात केली. अलाबामा विद्यापीठासारखी काही विद्यापीठं चांगल्या मार्कांच्या बाहेरच्या मुलांना मोठाल्या स्कॉलरशिप देऊन बोलावतात. मिशिगनसारख्या नामांकित ठिकाणी बोलवायची गरजच नसते, मुलं आपणहून पूर्ण भाव देऊन येतात. दुसऱ्या बाजूला राज्यातले करदाते ओरडतात की आमच्या पोरांच्या जागा बाहेरचे घेऊन चालले. म्हणून नॉर्थ कॅरोलायनाने १९८६ मध्येच नियम केला की नव्या विद्यार्थ्यांत बाहेरचे १८ टक्क्यांपेक्षा जास्त नकोत. कॅलिफोर्नियानेही २०१७ मध्ये अशी मर्यादा घातली, आणि त्याआधीच बाहेरच्या नव्या मुलांना विद्यापीठाच्या पैशातून गरजेनुसार द्यायची मदत बंद केली होती. बाहेरचा विद्यार्थी हा असा विचित्र पाहुणा आहे. तो यायला हवा असतो, पण फार जणांनी यायला नको असतं, आणि जेवणाचं ताट त्याने स्वतः विकत घ्यायचं असतं.

हा प्रकार केवळ अमेरिकेचा आहे असं मात्र समजू नका. भारताच्या सुप्रीम कोर्टापुढे १९५५ साली 'डी. पी. जोशी विरुद्ध मध्य भारत राज्य' असा खटला आला होता. इंदूरच्या मेडिकल कॉलेजात मध्य भारताच्या रहिवाशांना कॅपिटेशन फी नव्हती, बाहेरच्यांना होती. अर्जदार दिल्लीचे रहिवासी. कोर्टाने बहुमताने नियम योग्य ठरवला. घटना जन्मस्थानावरून भेदभाव करू नका म्हणते, राहण्याच्या जागेवरून केलेला फरक वेगळा, असा त्यांचा युक्तिवाद. म्हणजे आपण कुठे जन्मलो याला किंमत नाही, कुठे राहतो याला आहे.

हे वाचताना मला गंमत वाटली, कारण आम्ही दोघंही जन्माने इथले नाही. मी २००५ साली एच-४ व्हिसावर आले. सरकारी कागदांत कित्येक वर्षं आमच्या नावापुढे 'एलियन' हा शब्द होता. हा शब्द मी लहानपणी फक्त परग्रहावरच्या माणसांसाठी ऐकला होता. मग ग्रीन कार्डची ती सुप्रसिद्ध रांग. ज्या देशात घर घेतलं, दोन मुलं झाली, तिथे कायम आपण बाहेरच्या रकान्यात. आणि आता लेकीच्या कॉलेजच्या निमित्ताने पहिल्यांदा एका फॉर्मवर आमच्यासमोर छापलेलं आलं: 'रेसिडेंट'. इथले. घरचे. न्यू जर्सीने आम्हाला सभासद करून घेतलं होतं, आणि त्याची पावती वर्षाला वीसेक हजारांची होती. (रटगर्सलाही बाहेरच्यांचा दर वेगळा आहे, आमच्या दुप्पट.) मला उगाचच छान वाटलं.

लेकीला तसं काही वाटलं नाही. ती इथे जन्मली. घरचं असण्याचं तिला काय कौतुक? तिला बाहेरचं व्हायचं होतं.

"आई, रटगर्स म्हणजे कॉलेज नाही. पटेलच्या दुकानापुढचा एक्झिट आहे तो."

यावर आम्ही काय बोलणार? खरंच आहे. आम्ही मेथी-कोथिंबीर घ्यायला जातो त्याच्या थोडंसं पुढे. १७६६ साली सुरू झालेलं, अमेरिका देश व्हायच्या आधीचं कॉलेज आहे, १९४५ पासून राज्याचं विद्यापीठ आहे, अमेरिकेतला पहिला कॉलेज फुटबॉल सामना १८६९ मध्ये तिथेच झाला आणि प्रिन्स्टनला हरवून रटगर्सने तो जिंकला, वगैरे सगळं नवऱ्याने सांगून पाहिलं. सतरा वर्षांच्या मुलीला १८६९ चं काय? अ‍ॅन आर्बरला एक लाखाहून जास्त माणसं बसतात असं स्टेडियम आहे. ती ऑक्टोबरात मैत्रिणीच्या कुटुंबाबरोबर तिथे जाऊन आली होती, आणि पिवळं 'एम' असलेला निळा हुडी तेव्हापासून अंगातून निघाला नव्हता.

सल्ले देणारे पुष्कळ भेटले. एका काकांनी ठामपणे सांगितलं, "पहिलं वर्ष भरा. तिला तिकडे अपार्टमेंट घेऊन द्या, लायसन्स काढा, दुसऱ्या वर्षापासून इन-स्टेट." हे ऐकायला फार सोपं वाटतं, आणि म्हणूनच प्रत्येक पॉटलकमध्ये एक तरी काका ते सांगतात. प्रत्यक्षात विद्यापीठं इतकी भोळी नसतात. आईवडिलांवर अवलंबून असलेल्या मुलाचं घर म्हणजे सर्वसाधारणपणे आईवडिलांचं घर. बहुतेक राज्यांत किमान बारा महिने खरोखर राहणं लागतं, आणि नुसतं शिकायला येऊन राहणं त्यात धरत नाहीत. कायमचं राहायला आलोय हे सिद्ध करावं लागतं. यावर कोर्टात भरपूर भांडणं झालेली आहेत. कनेटिकटमध्ये नियम होता की अर्ज करताना बाहेरचा पत्ता असेल तर शिक्षण संपेपर्यंत तुम्ही बाहेरचेच, मग मधे काहीही बदलो. १९७३ मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला. निदान आपण रहिवासी झालोय हे दाखवायची संधी तरी द्या म्हणाले. १९८२ च्या दुसऱ्या एका खटल्यात मेरीलँडमधली मुलं होती, ज्यांचे वडील आंतरराष्ट्रीय संस्थांत नोकरीला होते आणि घरचे एका खास व्हिसावर राहत होते. विद्यापीठ म्हणे, या व्हिसाचे लोक रहिवासी असूच शकत नाहीत. कोर्टाने ते चालू दिलं नाही. तो निकाल त्या एकाच व्हिसापुरता होता, तरी व्हिसावर तरुणपण घालवलेल्या मला तो वाचून बरं वाटलं. पण या कशाचाही आमच्या अपार्टमेंटवाल्या काकांना उपयोग नव्हता.

दुसरा मार्ग शेजारी राज्यांच्या करारांचा. पश्चिमेकडच्या राज्यांचा एक करार आहे, त्यात बाहेरच्या मुलाला सहभागी कॉलेजात रहिवाशांच्या जास्तीत जास्त दीडपट फी पडते. दक्षिणेकडे असं आहे की एखादा अभ्यासक्रम तुमच्या राज्यात नसेल तर शेजारच्या राज्यात रहिवाशांच्या दरात शिकता येतं. न्यू इंग्लंडचा आहे, मध्य-पश्चिमेचा आहे. न्यू जर्सी यातल्या एकाही करारात नाही! आणि गंमत म्हणजे बाहेर शिकायला जाणारी सगळ्यात जास्त मुलं ज्या राज्यांतून निघतात त्यात आमचं राज्य कायम वरच्या नंबरात.

तर मग एका रविवारी नवरा आणि मी शीट घेऊन बसलो. लेकीच्या नावाने ५२९ खात्यात (शिक्षणासाठी साठवायचं करमुक्त वाढीचं खातं) १ लाख १० हजार डॉलर जमले होते. ती दोन वर्षांची असल्यापासून दर महिन्याला टाकत आलो म्हणून. रटगर्सचे चार वर्षांचे साधारण १ लाख ४८ हजार. म्हणजे ३८ हजार कमी, वर्षाला साडेनऊ हजार. पगारातून निघतात. भारताची एखादी फेरी कमी, गाडी आणखी चार वर्षं तीच. कर्ज शून्य.

मिशिगनचे आम्ही वर्षाला ८२ हजार धरले. चार वर्षांचे ३ लाख २८ हजार. त्यातून खात्यातले १ लाख १० हजार आणि पगारातले ३८ हजार वजा केले तर १ लाख ८० हजार उरतात. मुलांना केंद्र सरकारचं जे कर्ज मिळतं त्याला मर्यादा आहे, पहिल्या वर्षी साडेपाच हजार, मग साडेसहा, मग दोनदा साडेसात. एकूण २७ हजार. उरले १ लाख ५३ हजार. पूर्वी उरलेलं सगळं 'पॅरेंट प्लस' नावाच्या कर्जातून आईवडिलांना उचलता यायचं, वरची मर्यादा फक्त कॉलेजच्या खर्चाची. २०२५ च्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना एका मुलामागे वर्षाला २० हजार आणि एकूण ६५ हजार अशी मर्यादा घातली. लोक या मर्यादेवर चिडलेत. मला ती एखाद्या कडक आत्यासारखी वाटली, जी पाहुण्यांसमोर सांगते की एवढं अंथरूण नाही तुमचं. तर ते ६५ वजा करून ८८ हजार. हे कुठून आणायचे? घरावर कर्ज, नाहीतर खाजगी कर्ज, नाहीतर रिटायरमेंटचे पैसे.

शिवाय धाकटा आहे. नववीत. एक वर्ष दोघं एकदम कॉलेजात असतील. पूर्वी दोन मुलं एकाच वेळी शिकत असली तर केंद्राच्या मदतीच्या सूत्रात आईवडिलांचा वाटा विभागला जायचा. २०२४-२५ पासून ती सवलत गेली.

रात्री नवरा म्हणाला, "आपल्या आईवडिलांनी आपल्यासाठी नाही का केलं?"

हा प्रश्न आपल्या घरांत शेवटी येतोच, आणि आला की सगळ्या शीटा बंद पडतात. कारण केलं होतं. १९९६ साली मला सोलापुरातच इंजिनिअरिंगला प्रवेश मिळत होता. घरी राहून, आईच्या हातचं जेवून. पण मला पुण्याचं सरकारी कॉलेज हवं होतं. तेव्हा सीईटी नव्हती, बारावीच्या पीसीएमच्या मार्कांवर सगळं. आणि 'होम युनिव्हर्सिटी' नावाचा प्रकार होता: ७० टक्के जागा त्या विद्यापीठाच्या हद्दीतल्या मुलांना, ३० टक्के बाहेरच्यांना. सोलापूर तेव्हा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात. म्हणजे पुण्यात मी बाहेरची. माझ्यासाठी कट-ऑफ जास्त. मिळाली जागा, काठावर. अण्णांनी प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढले, हॉस्टेल आणि मेससाठी. फी पुणेकरांना जेवढी तेवढीच मला. आमच्या वेळी बाहेरचं असण्याची किंमत मार्कांत मोजायची. इथे ती डॉलरमध्ये मोजतात.

म्हणून ती तुलना मला पुढे नेता येईना. अण्णांनी काढलेले पैसे माझ्या पहिल्या नोकरीच्या दोन वर्षांत परत करता आले. त्यांची पेन्शन होती, कारण नोकरी जिल्हा परिषदेची. इथे मला पेन्शन नाही. मी आणि नवरा म्हातारे होऊ तेव्हा जे काही असेल ते त्याच रिटायरमेंटच्या खात्यात असेल. आज ते तिच्या फीला दिले तर तिसाव्या-पस्तिसाव्या वर्षी तिला आमची काळजी घ्यायला लागेल. तेही कर्जच. त्याच्यावर फक्त बँकेचं नाव नसतं.

पण नुसत्या पैशावर नाही म्हणायलाही मन घेईना. आमच्या एका मित्राचा मुलगा त्याच मिशिगनला चाललाय, पूर्ण भाव देऊन, आणि मला ते अगदी पटलेलं आहे. त्याला जहाजं बांधायचीत. लहानपणापासून. नेव्हल आर्किटेक्चर शिकवणारी विद्यापीठं या देशात मोजकीच, आणि मिशिगनमध्ये ते एकोणिसाव्या शतकापासून शिकवतात. रटगर्समध्ये तो अभ्यासक्रमच नाही. जे घरी मिळत नाही त्यासाठी बाहेर जावं. दक्षिणेतल्या राज्यांचा करार नेमकं हेच तर म्हणतो. आमच्या लेकीला काय शिकायचंय? तिचं उत्तर, "अजून नक्की नाही. बायो असेल, किंवा इकॉनॉमिक्स." सतराव्या वर्षी हे उत्तर अगदी योग्य आहे. पण १ लाख ८० हजारांचं उत्तर नव्हे.

नावाचं काय, असंही विचारतात. मिशिगनचं नाव मोठं, वादच नाही. स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर या दोन अभ्यासकांनी २००२ साली एक निबंध प्रसिद्ध केला होता. जास्त नामांकित कॉलेजांत प्रवेश मिळूनही कमी नामांकित ठिकाणी गेलेल्या मुलांची पुढची कमाई त्यांनी पाहिली. तिथे गेलेल्यांइतकीच साधारण निघाली. गरीब घरच्या मुलांना मात्र नामांकित कॉलेजाचा फायदा दिसला. म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत फळ त्या मुलाच्या अंगचं असतं. मी हा निबंध पुरावा म्हणून नाही, दिलासा म्हणून वाचला. एकेका मुलाचं नशीब सरासरीवर ठरत नाही हे मलाही कळतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही शीट लेकीसमोर ठेवली. सगळी. आमचे पगार, घराचं कर्ज, रिटायरमेंटचे आकडे, धाकट्याच्या खात्यात किती कमी आहेत ते. आपल्याकडे मुलांना हे दाखवायची पद्धत नाही. मला अण्णांच्या फंडाबद्दल लग्न ठरल्यावर कळलं. नवऱ्याला जरा अवघड वाटत होतं. पण मतदान करायच्या वयाला आलेल्या मुलीकडून समजूतदारपणाची अपेक्षा करायची आणि आकडे लपवायचे, हे काही जुळत नाही.

ती बराच वेळ खाली-वर स्क्रोल करत राहिली. मग म्हणाली, "यात दादूचं धरलंयत का?" (धाकटा वयाने लहान, पण नाव दादू.) धरलं होतं. मग एकदम मला म्हणाली, "आई, तुला तेव्हा पुण्याला जायचं होतं, की सोलापूर सोडायचं होतं?"

असा प्रश्न मला तीस वर्षांत कोणी विचारला नव्हता. मी जरा थांबले आणि खरं ते सांगितलं. सोलापूर सोडायचं होतं. कॉलेज चांगलं होतंच, पण मुळात मला अशा ठिकाणी राहायचं होतं जिथे बसस्टॉपवर उभी राहिले की "जोशी मास्तरांच्या गल्लीतली ना तू?" असं कोणी विचारणार नाही.

"मला पण तेच हवंय," ती म्हणाली.

आणि तिथे माझ्या डोक्यातला गुंता सुटला. घर सोडणं आणि राज्य सोडणं या दोन वेगळ्या वस्तू आहेत. आम्ही महिनाभर त्या एकाच किंमतीच्या चिठ्ठीखाली धरून बसलो होतो. घर सोडायचं तर सतराव्या-अठराव्या वर्षी सोडावंच. त्याची किंमत रटगर्सच्या ३७ हजारांत आधीच होती, हॉस्टेल आणि मेस धरून. राज्य सोडायचे वरचे १ लाख ८० हजार. त्या वरच्या पैशात नक्की काय मिळणार, तर सहाशे मैल. आणि सहाशे मैल कशासाठी, तर आईबाबा शनिवारी डबा घेऊन टपकू नयेत म्हणून.

हे आम्ही फुकट द्यायला तयार होतो. :)

मग वाटाघाटी झाल्या. हॉस्टेलमध्येच राहणार, घरून ये-जा नाही. न विचारता आम्ही कॅम्पसवर जाणार नाही, पटेलच्या दुकानात गेलो तरी नाही. थँक्सगिव्हिंगपर्यंत ती घरी आली नाही तरी मी फोनवर रडका आवाज काढणार नाही. (ही अट तिने दोनदा म्हणून घेतली.) तिसऱ्या वर्षी एक सेमिस्टर परदेशात, त्यासाठी आम्ही वेगळे पैसे बाजूला ठेवू. आणि पुढे मास्टर्सला तिला काय शिकायचं ते नक्की असेल, तेव्हा जगात कुठेही. तेव्हा कर्ज काढायची वेळ आली तरी ते कशासाठी हे तिला माहीत असेल.

तिने चार दिवस घेतले. त्या चार दिवसांत घरात फारसं कोणी बोललं नाही. मी सांगत नाही की ती आनंदाने तयार झाली. मिशिगनच्या साइटवर जाऊन 'नको' चं बटण तिने दाबलं तेव्हा मी मुद्दाम स्वयंपाकघरात थांबले. हुडी अजून आहे, मधूनमधून घालते. खेळात दोन्ही विद्यापीठं एकाच लीगमध्ये आहेत, २०१४ पासून. तेव्हा मिशिगनची टीम इकडे खेळायला येईल तेव्हा तो हुडी घालून जाईन म्हणते, आणि हॉस्टेलमधल्या मैत्रिणींच्या शिव्या खाईन.

हे सगळं लिहिलं ते 'रटगर्सच बरं' असं सांगायला नाही. ज्यांच्या खात्यात पैसे आहेत, ज्यांच्या मुलाला काय हवंय ते माहीत आहे आणि ते राज्यात मिळत नाही, त्यांनी खुशाल जावं. घरात वातावरणच असं असेल की मुलाने खरंच सहाशे मैल लांब जायला हवं, तर ते पैसेही कारणी लागतात. पण शीट उघडायच्या आधी मुलाला बसवून विचारा की त्याला नक्की कुठे पोचायचंय, की कुठून तरी निघायचंय. निघायला बहुतेक वेळा कमी पैसे लागतात.

रटगर्सचं डिपॉझिट भरलं. आता चादरी, टॉवेल आणि छोटा फ्रिज यांची यादी चालू आहे. धाकट्याने परवा जेवताना जाहीर केलं की त्याला हवाईला शिकायचंय. हवाई पश्चिमेच्या त्या दीडपटवाल्या करारात आहे. न्यू जर्सी नाही. नवऱ्याने काही न बोलता दुसरी शीट उघडली.